शेतातला जाळ, घरातला स्टोव्ह

शनवारा, बुऱ्हाणपूर
डिसेंबर १९५७

प्रिय मधू,

तुझं पत्र पोचलं. संक्रांतीपासून कमलनं नोकरी सोडावी, माझं ती ऐकते, म्हणून मी तिला समजावून लिहावं, असं म्हणतोस. मी तिला तसं काही लिहिणार नाही. तुलाच लिहिते आहे. सावकाश वाच.

राज्य नवं झालं, तुमचं दफ्तर नागपूरहून भोपाळला गेलं, घर एका खोलीचं झालं. हे सगळं तू निमूट अंगवळणी पाडून घेतलंस. अडलं ते फक्त संध्याकाळच्या जेवणाशी. कमलच्या आधी तू घरी येतोस, स्टोव्हकडे बघत उपाशी बसतोस, आणि ती दमून दारात आली की चिडतोस. एवढ्यासाठी तिची नोकरी जायची? दोघांच्या पगारातही तिथल्या महागाईत जेमतेम भागतं, हे तूच दिवाळीत सांगत होतास.

जैनाबादला निंबामामाच्या शेतात भरीत व्हायचं, तेव्हा कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी कोण भाजायचं? तूच. एकही वांगं कच्चं राहायचं नाही. लाकडी बडगीत मिरच्या-लसूण ठेचताना तर कुणा बाईला जवळ फिरकू द्यायचा नाहीस. मामीला म्हणायचास, तुम्ही नुसत्या जेवायला बसा. गोवऱ्यांवर बट्ट्या भाजणारेही सगळे पुरुषच. आणि नदी ओलांडून घरी आलात की तुम्हाला पाण्याचा तांब्यासुद्धा हातात लागायचा. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

तर आता ऐक. तूरडाळ सकाळी निघताना भिजत घाल. आल्याबरोबर शिजायला लाव, लवकर शिजते, रॉकेल वाचतं. रविवारी जाडसर कणकेत ओवा, हळद, तेल घालून घट्ट मळ आणि बट्ट्यांचे गोळे वाफवून ठेव. थंडीत दोन दिवस छान राहतात. ऐनवेळी चिरून थोड्या तेलात परतायच्या, वर वरण ओतायचं. आपली हिरवी वांगी तिथं मिळत नसतील तर काळी चालतील, पण स्टोव्हवर भाजू नकोस, रॉकेलचा वास बसतो. कोळशाची एक लहान शेगडी घे. कांद्याची पात सढळ घाल. भाकरी पहिल्यांदा मोडेल. मोडू दे, वरणात कुस्करायचीच असते.

शेजारच्या भागाबाईला इथवर वाचून दाखवलं, तर म्हणते, काय वं माय, लेकाच्या हाती परात देतेस, सून डोक्यावर बसेल ना! मी म्हटलं, बसू दे, आधी दोघं पोटभर जेवू देत.

ती गेल्यावर पुढचं लिहिते आहे, कारण हे तिच्यासमोर वाचण्यासारखं नाही. मी वाचनालयातून पुस्तकं आणते, तेव्हा लोक विचारतात, कुठं शिकलात? मी सांगते, मुलाच्या पाटीवर. ते अर्धंच खरं आहे. तू बाहेर खेळायला गेलास की तुझे वडील दार लोटून घ्यायचे, धोतर खोचून चुलीपुढे बसायचे आणि भाकऱ्या थापायचे. मी शेजारी बसून तुझं पहिलीचं पुस्तक मोठ्यानं वाचायची. मी अडले की ते पिठाच्या बोटानं अक्षर दाखवायचे. पुस्तक मळवलं म्हणून तू मास्तरांची बोलणी खायचास, आणि आम्ही दोघं गप्प. कुणाला सांगू नकोस, हसतील, म्हणायचे. ते असेपर्यंत नाही सांगितलं, गेल्यावरही नाही. पण तू त्यांचाच मुलगा आहेस, आणि ते तुझ्या वयाचे असताना काय करत होते हे तुला कळायला हवं. पौषात मी भोपाळला येते आहे. त्या दिवशी कमलला घाईनं घरी बोलावू नकोस. ते गेल्यापासून तव्यावरची भाकरी कुणी थेट माझ्या पानात टाकलेली नाही. ती तू टाकायची आहेस.

तुझीच,
आई