कामास योग्य

दि. ११ मार्च, रविवार, दुपारचे तीन

प्रिय दादा,

बारकीचा नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी जरा गंभीर झाले की तुला विनोद सुचतो, मी हसते आणि सांगायचं राहून जातं. कागद मध्येच बोलत नाही.

आधी बातम्या. तुझे मेव्हणे निवृत्त झाल्यापासून घरातला एकेक नळ दुरुस्त करतायत. आता एकही धड चालत नाही. धाकटीला परगावी नोकरी लागली. आणि आपल्या कारखान्याला यंदा मोठं बक्षीस मिळालं, समाजाची जबाबदारी ओळखल्याबद्दल. आसपासच्या वस्त्यांमध्ये आपण आरोग्य शिबिरं घेतो ना, त्यासाठी. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर मीच आहे, एका आजीबाईंचा रक्तदाब तपासताना. फोटोवाल्याने मला चार वेळा हसायला लावलं. शेवटी आजीच म्हणाल्या, "बाई हसतायत, म्हणजे मी जगणार वाटतं."

ती शिबिरं खोटी नव्हती, दादा. त्या आजींचा मोतीबिंदू आपल्यामुळे निघाला, आता त्या सुईत दोरा स्वतः ओवतात. शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह झालं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तू विचारशील, तिथे चांगलं काहीच नव्हतं का? होतं. म्हणून तर मला इतके दिवस डोळेझाक करता आली.

मागच्या महिन्यात तुझ्या लेकीचा फोन आला होता. म्हणाली, "आत्या, बाबा दोन जिने चढताना तीनदा थांबतात. विचारलं तर म्हणतात, खिडकीतून बाहेर बघतोय. आमच्या जिन्याला खिडकीच नाहीये."



तासभर झाला लिहायला बसून आणि मी नळांच्या गप्पा मारतेय. आता सांगतेच.

तीन वर्षांपूर्वी तुमच्या घासकाम खात्यातल्या अडतीस जणांना मी नळीत फुंकायला लावलं होतं, आठवतं? बाहेरच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने कामगारांच्या तब्येतीची माहिती मागितली होती. तुम्ही दिवसभर वाळलेली चिनीमातीची बेसिनं पात्याने खरवडायचात आणि सुट्टीच्या वेळी पांढऱ्या भुवयांनी बाहेर यायचात. तू म्हणायचास, "बघ, पगारावर म्हातारपण फुकट." त्या नळीत फुंकताना तू मला विचारलं होतंस, सूर कुठला लावू?

अडतीसपैकी अकरा जणांचे आकडे वाईट आले. डॉक्टरांनी अकरा कागदांवर लिहिलं, 'छातीच्या तज्ज्ञाकडून तपासणी आवश्यक. धुळीचे काम बंद ठेवावे.' मी ते कागद मॅनेजरसाहेबांकडे नेले. ते ओरडले वगैरे नाहीत. मला खुर्ची दिली. म्हणाले, "सिस्टर, यंत्र जुनं आहे. उगाच माणसं घाबरतील. नवीन यंत्र मागवतो, पुन्हा तपासू. तोवर सगळ्यांना नेहमीची चिठ्ठी द्या." नवीन यंत्र आलं नाही. डॉक्टर बदलले. मी अडतीस चिठ्ठ्या लिहिल्या, 'कामास योग्य'. त्याच महिन्यात, बारा वर्षं हंगामी राहिल्यावर, मला कायम केलं आणि शिबिरांची प्रमुख नेमलं. दोन्हींचा संबंध नाही, असं मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की ते मला पाठ झालं.

तू दवाखान्याच्या दारात येऊन विचारलं होतंस, "बारके, माझा कागद काय म्हणतो?" मी म्हणाले, "ठणठणीत आहेस, घोड्यासारखा." तू खूश होऊन परत धुळीत गेलास.

त्या अकरांमध्ये तू होतास, दादा.

त्यानंतर तू चौदा महिने तिथे काम केलंस. ते चौदा महिने कंपनीने घेतले असं मी म्हणू शकते, आणि ते खरंही आहे. पण चिठ्ठीवर सही माझी आहे. आणि मला ही नोकरी मिळावी म्हणून शब्द टाकायला, हातात टोपी घेऊन, ऑफिसबाहेर उभा राहिलेला माणूस तू होतास.

तुझ्या लेकीचा फोन आला त्याच आठवड्यात मुख्य कार्यालयातून एक बाई आल्या, नव्या अहवालासाठी. त्यांनी वाक्य तयारच आणलं होतं. 'गेल्या पाच वर्षांत कामामुळे झालेल्या आजाराची एकही नोंद नाही.' खाली माझी सही हवी होती. मी म्हणाले, "नोंद नाही हे खरंय. ती मी केली नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग हळूच विचारलं, "किती जण?"

"अकरा."

त्यांनी ते वाक्य माझ्यासमोर खोडलं. पुढे त्यांना त्याचं काय भोगावं लागलं, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कपाटातून कागद काढले आणि ज्याचा त्याला नेऊन दिले. एक जण चिडला. "सिस्टर, माझी अजून सहा वर्षं राहिलीत. खात्यातून काढलं तर तुम्ही पोसणार?" दोन दिवसांनी तोच कागदाची घडी घेऊन दवाखान्यात आला आणि विचारू लागला, "एकाहत्तर टक्के म्हणजे पास की नापास?"

जेवणाच्या सुट्टीत पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे ते तुमचे मास्तर मागच्या वर्षी गेले. त्यांचा कागद मी त्यांच्या बायकोच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला. "आता का आणलात?" एवढंच म्हणाल्या. त्यांनी पाणी आणून दिलं. मी ते प्यायले, आणि निघून आले.

मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. "आपण एक कुटुंब आहोत, सिस्टर. घरातल्या गोष्टी अशा चव्हाट्यावर आणतात का?" मी म्हणाले, "घरात कुणाला आजार झाला की आधी त्यालाच सांगतात, साहेब." त्याच दिवशी मी सरकारी कारखाना निरीक्षकांकडे लेखी अर्जही दिला, माझ्या सहीच्या चिठ्ठ्यांसकट.

आता घासकाम खातं बंद आहे. निरीक्षकांनी हवेतली धूळ मोजली आणि धूळ ओढून घेणारी यंत्रं बसल्याशिवाय काम सुरू करायचं नाही असं लिहून दिलं. अडतीसच्या अडतीस जणांना बाहेरच्या रुग्णालयात तपासायचं ठरलंय, नोकरी सोडून गेलेल्यांनाही. माझी चौकशी चालू आहे. नोकरी राहील असं वाटत नाही, आणि राहावी असं मला कुठल्या तोंडाने म्हणता येईल?

दहा जणांकडे मी स्वतः गेले. तुझ्याकडे यायला पाय उचलला नाही, म्हणून तुझा कागद या पत्रासोबत आहे. त्यावर अठ्ठावन्न लिहिलंय. म्हणजे तुझ्या वयाच्या आणि उंचीच्या माणसाला जेवढा श्वास जोरात सोडता यायला हवा, त्याच्या अठ्ठावन्न टक्के. तीन वर्षांपूर्वी. जे गेलं ते परत मिळत नाही, हे मी तुझ्यापासून आता लपवणार नाही. पण उरलेलं सांभाळता येतं. तुझ्या शहरातल्या छातीच्या रुग्णालयात २२ तारखेच्या गुरुवारी सकाळी साडेनऊची वेळ घेतली आहे. लेकीला तेवढंच कळवलंय. बाकीचं तिला सांगायचं की नाही ते तू ठरव. मी बाहेरच्या बाकावर असेन. तू बोलला नाहीस तरी बसून राहीन.

माफी मागत नाही. ती मागितली की तू लगेच देऊन टाकशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. इतक्या स्वस्तात ती मला नको. खूप रागाव, दादा, वाटेल तितके दिवस रागाव. पण रागवायलाही दम लागतो. तेवढ्यासाठी तरी तपासून घे.

तुझी,
बारकी