कळंब्याचे चाक

१८ जानेवारी १९७४
परीक्षक म्हणून माझे नाव घातले – मला न विचारता! डिझेलची टंचाई झाल्यापासून जो तो शोध लावू लागला आहे. त्या शोधांचे प्रदर्शन आमचे अभियंता मंडळ भरविणार. यंत्ररचना शिकवून निवृत्त झालेला मनुष्य मोकळाच असतो, असा सर्वांचा समज.

आज एक मोटारसायकल तपासली. पाण्यावर चालते म्हणे. हँडलच्या नळीत पेट्रोल निघाले! मालक निर्विकारपणे म्हणाला, "सुरवातीला लागतंय थोडं, सायेब." शेवटपर्यंत लागत होते.

घरी आलो तो घड्याळ पुन्हा मागे. हे घड्याळ माझे स्वतःचे. चक्रांचे दाते मी कापले, लंबक मी घडविला. विमला असेतो ते कधी मागे पडले नाही. सकाळी मी न्हाणीघरात असताना मिलचा भोंगा होई. ती स्वयंपाक टाकून बाहेर येई आणि मोठ्याने सांगे, "बरोबर आहे हो तुमचं घड्याळ!" ती वैशाखात गेली. तेव्हापासून लंबकाची लांबी कितीदा तरी बदलली. उपयोग नाही. हवेतील दमटपणा असावा.

२७ जानेवारी
कळंब्यास गेलो. पिराजी नावाचा साखर कारखान्यातील फिटर. घरामागच्या शेडमध्ये पुरुषभर उंचीचे लोखंडी चाक – इंधन नाही, वीज नाही, आणि फिरते आहे! आऱ्यांना लोंबती वजने आहेत. खाली आलेले वजन आपल्या रोलरवर एका स्थिर कॅमवरून, म्हणजे वळणदार कडेच्या लोखंडी तुकड्यावरून, सरकत आसाकडे ओढले जाते, वर गेले की पुन्हा बाहेर पडते.

"सा म्हैनं झालं, थांबलं न्हाय," पिराजी म्हणाला. हे अशक्य आहे. वजन उतरताना जे देते तेच चढताना परत घेते, शिवाय घर्षणाची वजावट. हे मी त्याला समजावून सांगितले. त्याने नम्रपणे ऐकून घेतले आणि चाकाकडे बोट दाखविले. चाक फिरतच होते!

मात्र तो कॅम! कानशीने घासून आकार दिलेला. रोलर त्यावरून कोठेही न उडता, न आपटता, लोण्यावरून गेल्यासारखा जातो. असा कॅम माझ्या हातून झालेला नाही.

त्याची बायको अंबूबाई दारात येऊन ओरडली, "अवं, पावण्यास्नी च्या तरी पिऊ द्या! चाक काय पळून चाललंय व्हय?"
"पळतंयच की गं! सा म्हैनं पळतंय!"
"मग तुमी बी पळा त्याच्या मागनं. भाकरी वाळून खापर झाली."
तो हसला. ती हसली नाही, परंतु पदराने त्याच्या खांद्यावरचा लोखंडाचा कीस झटकला – बोलता बोलता, न पाहता.

परतीच्या वाटेवर सर्व वेळ मत्सर! कॅमचा होताच. पण केवळ कॅमचा नव्हे.

२८ जानेवारी
भाकरी वाळली म्हणून मला कोणी बोलत नाही. स्वयंपाकीण तानाबाई ताट झाकून ठेवते आणि निघून जाते.

३ फेब्रुवारी
मंडळाचे चिटणीस म्हणतात, "चाकालाच पहिलं बक्षीस देऊ या. लोकांना फिरणारी वस्तू आवडते." मी कडाडून विरोध केला. शास्त्राच्या नावाने केला. येथे खरे लिहावयास हरकत नाही: ते चाक खोटे निघावे आणि ते त्या बाईसमोर निघावे, अशी माझी इच्छा आहे.

६ फेब्रुवारी
पिराजी कामावर असेल अशा वेळी, न कळवता गेलो. शेडचे दार उघडे होते. चाक मंदावले होते, जवळजवळ थांबणार! इतक्यात अंबूबाई डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन आली, जाता जाता तळहाताने चाकाला एक रेटा दिला आणि पुढे गेली. सवयीने. उंबऱ्यावरून पाय उचलावा तशी.

वळली तेव्हा मी दिसलो. भारा तसाच खाली पडला.

"पिराजीला ठाऊक आहे?" मी विचारले.
"न्हाय. शेडची किल्ली माझ्या कमरंला असत्या. त्ये उठायच्या आत, यायच्या आधी, अन् मधी त्यांची पाठ वळली की."
"कशासाठी ही फसवणूक?"
"चाक थांबलं की त्ये जेवत न्हाईत ओ. भिताडाकडं तोंड करून बसत्यात. पयल्यांदा थांबलं तवा बघितलंय मी." मग हात जोडून, "सायेब, चाक नापास करा, बक्षीस नगा देऊ. पर माझा हात लागतोय ह्ये त्यास्नी सांगू नगा."

मी म्हणालो, परीक्षकाने पाहिलेले सर्व लिहिणे हे त्याचे कर्तव्य आहे.

"तुमच्या घरात कोन न्हाय व्हय?"
"नाही."
"मग तुमास्नी काय कळायचं!"

भारा उचलून गोठ्यात गेली. चाक फिरत होते.

८ फेब्रुवारी
अहवाल पूर्ण केला. कॅमविषयी योग्य ती प्रशंसा केली आहे. विणकामाच्या यंत्रांस तो उपयोगी पडेल. ऊर्जेचा दावा अमान्य, कारणे सविस्तर. शेवटचे वाक्य: 'सदर चाक अर्जदाराच्या पत्नीच्या हाताने, अर्जदाराच्या नकळत, फिरते ठेवण्यात येते.' वाक्य निर्दोष आहे. तीनदा वाचले. प्रत्येक वेळी समाधान वाटले – आणि त्या समाधानाची किळस आली.

परवा सभागृहात अहवाल मी स्वतः वाचणार. पिराजी पत्नीसह पहिल्या रांगेत असेल. मला काय कळायचे! – पाहू.

९ फेब्रुवारी
झोप नाही. आपल्या नकळत आपले चाक कोणी फिरते ठेवावे, एवढे त्या मनुष्याने केले तरी काय? मी विद्यापीठाचा पदवीधर. मला ते का नाही?

१० फेब्रुवारी, सकाळ
सभेपूर्वी वेळ होता म्हणून तेल घालण्यासाठी घड्याळ भिंतीवरून उतरविले. किल्ली आणि काटे बाजूच्या छिद्रातून फिरतात, म्हणून तबकडीची काच मी कधी उघडत नसे, आज उघडली. मिनिटकाट्याच्या टोकाशी, मागच्या कडेला, बोटाच्या ठशाचा पिवळा डाग. हळद.

ती रोज भोंग्याला काटा पुढे सारीत होती.

अहवालातील शेवटचे वाक्य खोडले. डाग पुसलेला नाही.