तटाची वाट फक्त चोराला ठाऊक

१२ जानेवारी

साहेबांना आज दरदरून घाम फुटला! रविवारी अबुजाहून पाहुणे येणार — जनावरंही बघायचीत, जुन्या राजधानीचा पडका तटही. आणि अख्ख्या वनखात्याच्या ऑफिसात तटापर्यंतची वाट एकालाही ठाऊक नाही. भिंतीवर नकाशा आहे. निम्मा वाळवीने खाल्लाय.

"तुझ्या बापाला विचार की, अबेनी," म्हणाले. माझ्या बापाला! गेल्या जानेवारीत याच जंगलात, मेलेल्या हरणापाशी, बंदुकीसकट त्याला मीच पकडलं. रिपोर्टही मीच लिहिला. आठ महिने तुरुंग, वर जंगलबंदी.

१३ जानेवारी

बाबांची अट — "वाट दाखवतो, पण बंदी उठवा. मरायच्या आधी तटाशी पूर्वजांना एकदा कोलाफळ वाहायचंय." साहेब लगेच कबूल! दौरा नीट झाला तर उठवतो म्हणाले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

नवरा म्हणाला, "तू कशाला जातेस? म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही." आलाबीला तेवढी माझी काळजी.

१५ जानेवारी

सात पिढ्यांचे शिकारी म्हणे, लोखंडाच्या देवाचे, ओगुनचे भक्त! आणि कोर्टात काय केलं? कारकुनाने विचारलं, लोखंडावर शपथ घेणार की बायबलवर? "बायबलवर." जन्मात चर्चची पायरी न चढलेला माणूस! लोखंडावर खोटं बोललेला शिकारी वर्ष काढत नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. पण यांना "मीच मारलं" एवढंच तर म्हणायचं होतं. ओगुनला तोंड दाखवायचीही लाज वाटली असणार. भेकड!

१८ जानेवारी

झाला एकदाचा दौरा.

सगळ्यांपुढे बाबा, शेजारी मी — त्यांचा हात सगळा वेळ माझ्या खांद्यावर. "वाट पायांना पाठ आहे, पोरी." नाटकी मेले! पाहुणे त्याहून थोर. माकडं भुंकली तर एकजण जीपमध्ये पळाला. दुसरा वारुळाला राजवाडा समजून वर चढला, फोटो काढून घेतले. खरा तट दाखवला तर म्हणे, "एवढाच?"

आणि बाबांनी ड्रायव्हरपुढे लोटांगण घातलं — "मोठे साहेब, दीर्घायुषी व्हा!" सगळे खो खो हसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मग तटावर तळवा टेकून त्यांनी सात पिढ्यांची नावं घेतली. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

साहेब खूश. बंदी उठवायला तयार. पण म्हणाले, "ड्रायव्हरला साहेब म्हणणारा माणूस मी रानटी म्हशींच्या जंगलात सोडणार नाही. आधी डोळ्यांचा दाखला आण."

१९ जानेवारी

आता यांना इग्बोहोच्या दवाखान्यात न्या! माझी सुट्टी गेली.

२१ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पार पिकलाय. निदान तीन वर्षं यांना उजेड-अंधारापलीकडे काही दिसत नसणार. घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

तीन वर्षं! स्वतःच्या झोपडीत बिनचूक वावरतात, वाडगाही न चाचपता उचलतात. मी कधी समोर बसून पाहिलं का? मान वळवूनच तर बोलायचे. आणि ते हरीण गेल्या वर्षीचं. पळतं हरीण, कानामागे एकच गोळी — माझ्याच अक्षरात रिपोर्टात आहे.

परतताना बसमध्ये विचारलं, "बाबा, कोणी मारलं?"

नेहमीसारखी मान वळवली. मग म्हणाले, "वनरक्षकाच्या घरातलाच माणूस शिकार करताना सापडला, तर तिची नोकरी जाते. बापाचं काय, तो जन्माचाच शिकारी. मी नुसता जाऊन बंदुकीपाशी बसलो."

स्वतःची किळस आली. भेकड म्हटलं होतं मी त्यांना.

२२ जानेवारी

आलाबीपुढे कोयता ठेवला. म्हटलं, "याला जीभ लाव आणि सांग, त्या दिवशी तू कुठे होतास."

"वेडी झालीस, तायोची आई!" म्हणाला, आणि बादली उचलून पाणी आणायला गेला. रांजण काठोकाठ भरलेला होता.