एकाच रंगाच्या गाड्या

प्रिय जनेल,

गोशेनच्या जत्रेच्या मैदानावरून लिहितेय. मोटारहोमवाल्यांचा, चाकांवर घर घेऊन फिरणाऱ्यांचा मेळावा यंदाही दणक्यात भरलाय. सगळ्या गाड्या एकाच कंपनीच्या, बदामी रंगाच्या, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशा. संध्याकाळी जो तो आपली खुर्ची उचलून गप्पांना येतो आणि कुणाची टाकी कुठे गळली ते सविस्तर सांगतो.

तुझ्या लग्नाला बाबा आले नाहीत, तेव्हापासून तुम्ही बापलेक बोलत नाही आणि मी, तुझी आई, मधल्या मध्ये पोस्टमन. ती नोकरी इमानेइतबारे करते. तर बातमी अशी, की बाबांचं विसरणं फार वाढलंय. डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला बंदी केलीय, त्यामुळे आता चाक माझ्या हातात. हसू नकोस. इथे बायकांसाठी खास वर्ग असतो. मैदानात प्लास्टिकचे शंकू मांडून ते धूड माझ्याकडून वळवून घेतलं. दोन शंकू चिरडले, बाकीचे वाचले.

गाडी मागे घेऊन जागेवर लावताना एकानं मागे उभं राहून हातानं खुणा करायच्या असतात. शेजारीपाजारी खुर्च्या टाकून बघत बसतात, फुकटचा तमाशा. इतकी वर्षं मागे मी असायचे आणि बाबा खिडकीतून ओरडायचे, "अगं बाई, डावं म्हणजे तुझं की माझं?" काल पहिल्यांदाच ते मागे उभे राहिले. छान हात हलवत होते. मग आरशात दिसेनासे झाले. खुणा करणारा दिसला नाही की जागच्या जागी थांबायचं, असं वर्गात घोकून घेतलं होतं. थांबले. उतरून बघते तर मागे कुणीच नाही.

तमाशा बघणारेच शोधायला धावले. बाबा सापडले पलीकडच्या रांगेत, टेक्सासच्या लुएला नावाच्या बाईच्या गाडीत. आपलीच समजून शिरले होते. बूट काढून, पाय पसरून, पीचचा केक खात बसले होते. मी माफी मागायला लागले तर ती म्हणाली, "असू दे गं, माझा नवरा गेल्यापासून त्या खुर्चीत कुणी हक्कानं बसलं नव्हतं." मग तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं. बाबा तिला सांगत होते, की पोरीच्या लग्नाच्या दिवशी मी चर्चच्या बाहेर गाडीत बसून होतो. आधी नको नको ते बोलून बसलो होतो, आत जायची लाज वाटली. चुकलंच माझं, असंही म्हणाले.

मला त्यांनी तेव्हा मासे धरायला गेलो होतो म्हणून सांगितलं होतं. संध्याकाळी मी विचारलं, तर म्हणाले, कुणाचं लग्न?

म्हणून हे पत्र. फोनवर मला रडू आलं असतं आणि तू चिडली असतीस. आधी त्यांनी चूक कबूल करावी, ही तुझी अट मला पाठ आहे. केली गं त्यांनी कबूल, फक्त परक्या बाईपाशी. ते भांडण आता त्यांच्यापाशी नाहीच, तुझ्या एकटीकडे उरलंय. तुझं नाव मात्र अजून आहे. आज सकाळी तीन बशा मांडून मला विचारत होते, जनेल उठली का? आम्ही रविवारपर्यंत इथेच आहोत. दाराला त्यांचा लाल मफलर बांधून ठेवलाय, त्यांना गाडी ओळखता यावी म्हणून. तुलाही सापडेल.

तुझीच,
आई