कोऱ्या चौकटी

पिशोर
सोमवार, ता. ४ ऑगस्ट २०२५
सकाळी ६ वाजून ४० मिनिटं

ती. मेघाताईस,
राजकुमारचा जय भीम. वि. वि. आत्ताच पुंडलिकमामाला डाव्या कुशीवर वळवलं, पाठीला उशी लावली आणि त्याच्याच उंबऱ्यात वही मांडीवर घेऊन बसलो आहे. केंद्राच्या श्रेया मॅडमना सांग की रोज एक पान डाव्या हातानं लिहिण्याचा नेम चालू आहे. कारखान्याच्या प्रेसमध्ये चार बोटं गेली त्या उजव्या हातानं मी इतकं सरळ कधी लिहीत नव्हतो. नववीतून शाळा सुटली, पण शुद्धलेखन सुटू दिलं नाही. चूक दिसली तर खाली रेघ मारून पाठव.

मोठी बातमी मामाची. बांधकामाच्या पाडावरून पडल्यापासून त्याला कमरेखाली मुंगी चावलेलीही कळत नाही, आणि एकाच अंगावर पडून राहिलं तर कातडी सडते, हे मॅडमनी आपल्या दिव्यांगांच्या गटाला समजावून सांगितलं होतं. आता त्यांचं पत्र आलं आहे. ऑगस्टभर मामाची कातडी स्वच्छ राहिली आणि दर दोन तासांनी कूस बदलल्याचा तक्ता पुरा असला, तर एक सप्टेंबरपासून शहरातल्या त्यांच्या पुनर्वसन केंद्रात तीन महिने जागा मिळेल. चाकाच्या खुर्चीत बसणं, स्वतःची आंघोळ, सगळं शिकवतील. मामा म्हणतो, एकदा बसता आलं की सिमेंटच्या कुंड्या ओतीन, गवंड्याचा हात अजून शाबूत आहे. दहा महिन्यांत तो पहिल्यांदा पुढचं काही बोलला.

गुरुवारी गटाची बैठक झाली. आम्ही नऊही जण होतो. काकासाहेब अध्यक्ष म्हणून मधे बसले. डोळ्यांनी दिसत नसलं तरी कोण आलं नाही ते त्यांना आधी कळतं. सांडूला ऐकू येत नाही, म्हणून त्याला सगळं लिहून दाखवलं. त्यानं मामाच्या खाटेला लाकडी कठडा करून दिला आहे. गटाच्या बचतीतून जाड गादी घेतली. मग कुशी वाटून घेतल्या. सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या माझ्या, आठ सोमनाथच्या, दहा सांडूच्या. दुपारच्या बारा, दोन, चार आवडामामीच्या, आणि रात्रीच्या मामीच्या व आईच्या. नियम असा की वळवल्यावर माकडहाडावरून तळवा फिरवायचा आणि मगच खूण करायची. मामीला लिहिता येत नाही, म्हणून तिची खूण टिंब, आमची बरोबरची खूण. गटाचा सचिव म्हणून पट्टीनं आखून तक्ता मी केला आहे. दिवसाच्या बारा, महिन्याच्या तीनशे बाहत्तर चौकटी. एकही कोरी राहू देणार नाही.

तुझी तब्येत सांभाळ आणि चार ओळी तरी लिही.
तुझा भाऊ,
राजकुमार

●

छत्रपती संभाजीनगर
१० ऑगस्ट २०२५

चि. राजकुमार यास,
ताईचा जय भीम आणि आशीर्वाद. पत्र पोचलं. अक्षर बघून शेजारीण विचारत होती, तुमचा भाऊ मास्तर हाय का. मी म्हटलं मास्तर नाय, पण मास्तरापेक्षा घाबरट हाय. चूक शोधली, एकही सापडली नाय. आता मारू कुठं रेघ?

मामाची जागा मिळावी म्हणून मी मॅडमच्या मागं दोन महिने लागले होते. दवाखान्यातली माझी ड्युटी संपली की केंद्रावर जाऊन बसायचे. शेवटी त्याच म्हणाल्या, आधी गावानं महिनाभर सांभाळून दाखवावं. म्हणून आनंद झाला, आणि काळजीपण.

तुझ्या तीनशे बाहत्तर चौकटींवरून सांगते. आमच्या वॉर्डात पगारी माणसं हायेत, तरी तक्ता पुरा भरलेला मी कधी बघितला नाय. कोरी चौकट दिसली की मोठ्या सिस्टर आधी तिथंच धावतात. त्यांना कोऱ्या चौकटीवरूनच कळतं की कुठं माणूस कमी पडलं. तेव्हा एखादी राहिली तर राहू दे, मॅडम काय फाशी देणार नायत.

आणि मामा हाय म्हणून लाजू नको. कापड बाजूला करून उजेडात बघायचं. नुसतं चाचपून भागत नाय. मी रोज परक्या माणसांचं बघते, तुला तर सख्ख्या मामाचं बघायचं हाय.

आईला सांग, गोळ्या संपायच्या आत कळव. जेवत जा. माया हायच, ती काय लिहून दाखवायची.
मेघाताई

●

पिशोर
रविवार, १७ ऑगस्ट २०२५
संध्याकाळी ७ वाजून ५ मिनिटं

ती. मेघाताईस,
सप्रेम जय भीम. वि. वि. मामाची सहाची कूस करून आत्ताच घरी आलो. कालपर्यंत सोळा दिवस पूर्ण झाले, एकशे ब्याण्णव चौकटी भरल्या. सोमनाथ म्हणतो, हा कागद चौकटीत घालून भिंतीवर लावू. काकासाहेबांनी बैठकीत मला वाचायला लावला. मी तारीखवार वाचत गेलो आणि ते मान हलवत राहिले. नंतर म्हणाले, एवढा स्वच्छ कागद ऐकून बरं वाटतं, पण बाबा, भीती पण वाटते. ते गमतीनं म्हणाले असावेत.

पाऊस दोन दिवस जोरात झाला. बाकी खुरपणी चालू आहे. मामीची टोळी आता नदीपलीकडच्या रानात जाते, रोज तीनशे मिळतात. घर त्यावरच आहे. दुपारचं टिंब द्यायला ती विसरते. पहिल्या दिवशी विचारलं तर म्हणाली, वळवलं की रे बाबा. थकून येते, रोज रोज काय विचारायचं, म्हणून संध्याकाळी तिच्या चौकटीत मीच खूण करतो.

कापड बाजूला करून बघण्याचं तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. माझ्यानं होत नाही, ताई. मामा तोंड भिंतीकडे करतो, मग मीही करतो. पण मामी अंग पुसताना बघते. माकडहाडावर जरा तांबूस आहे म्हणाली, घामोळं असेल. खोबरेल लावलं आहे. तू काळजी करू नयेस म्हणून लिहिलं.

मामा आता कुंड्यांच्या आकाराचं बोलतो. मोठ्या तळाची करीन म्हणजे वाऱ्यानं पडणार नाही, असं.

तुझ्या पत्राची वाट बघणारा,
राजकुमार

●

पिशोर
शुक्रवार, २२ ऑगस्ट २०२५
दुपारी २ वाजून १५ मिनिटं

ती. मेघाताईस,
जय भीम. दोनची कूस आत्ता केली. काल माझं पत्र वाचून तू फोन केलास आणि पहिल्याच वाक्याला ओरडलीस, की तांबूस म्हणजे घामोळं नाय. तेव्हा मी फोन ठेवून दिला. म्हणून लिहितो.

तुझ्या फोनच्या आधी तासभर सगळ्यांना कळलं होतं. सोमनाथला ताप होता, म्हणून सकाळी आठची कूस काकासाहेबांनी घेतली. त्यांनी मामाला सांडूच्या मदतीनं वळवलं, तळवा फिरवला आणि तसाच धरून ठेवला. मग वास घेतला. सांडूला खुणेनं कापड काढायला सांगितलं. सांडूनं बघितलं आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. जखमेचं तोंड रुपयाएवढं आहे, ताई, पण आत बोट जाईल एवढं खोल. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हाडापर्यंत गेलं आहे.

काकासाहेबांनी तिथंच बैठक बसवली. मला तक्ता वाचायला सांगितला. मी वाचला. मग त्यांनी विचारलं की दुपारच्या बारा, दोन, चारला कोणाची खूण आहे, टिंब की बरोबरची. मी म्हणालो, बरोबरची. त्यांनी विचारलं, तू त्या वेळी इथं होतास का? मी म्हणालो, नव्हतो.

मामी कामावर न जाता दारात उभी होती. ती म्हणाली, नदीपलीकडून दुपारी येऊन परत गेलं तर मुकादम हजेरी धरत नाही. सकाळी जाताना वळवायची आणि संध्याकाळी आल्यावर बघायची. पहिल्या दिवशी भीतीनं खोटं बोलले, दुसऱ्या दिवशी बघते तर राजकुमारनं आपणहून खूण केलेली. वाटलं, चालत असेल. मग तिनं एक विचारलं, की कुशी वाटल्या तेव्हा मला बोलावलं का नाही. बैठक दिव्यांगांची, आणि ती धडधाकट, म्हणून तिला बोलावलं नव्हतं. तिच्या माघारी दिवसाच्या तीन कुशी तिच्या नावावर टाकल्या होत्या.

शेवटी मामाला विचारलं, की बाबा, तू तर जागा होतास. तो म्हणाला, ती आली असती तर रोज बुडाला असता. आणि राजकुमारचा कागद लई देखणा झाला होता. त्यावर केंद्रात जागा मिळणार होती. म्हटलं, निभेल एवढा महिना.

मी मोजलं. पाच तारखेपासून वीसपर्यंत सोळा दिवस. पावसाचे दोन दिवस मामी घरी होती, तेव्हा तिची टिंबं आहेत. राहिले चौदा दिवस, दिवसाच्या तीन. बेचाळीस कुशी मी न देता लिहिल्या. कालपासून दुपारच्या तिन्ही मीच देतो, आणि कापड बाजूला करून बघतो.

मॅडमना तू सांगशील की मी सांगू?
राजकुमार

●

छत्रपती संभाजीनगर
२५ ऑगस्ट

राजकुमार,
मॅडमना मी सांगितलं. जखम भरेपर्यंत मामाला घेता येणार नाय. ती जागा पाचोडच्या तनुजाला दिली, एकोणीस वर्षांची हाय, झाडावरून पडलेली. मॅडम रागावल्या नायत. त्या एवढंच म्हणाल्या, दुसऱ्याच दिवशी कोरी चौकट दिसली असती तर गटानं दुपारसाठी माणूस शोधला असता.

मामाला पालथं झोपवा. अंडी द्या. ताप चढला तर वाट बघू नका, त्याच घटकेला हलवा.


मेघा

●

पिशोर
रविवार, १४ सप्टेंबर २०२५
दुपारी ४ वाजून १० मिनिटं

ती. मेघाताईस,
जय भीम. वि. वि. मामाला जाऊन आज चौदा दिवस झाले. आत्ता त्याची खाट अंगणात काढून कठडा धुतला आणि सांडू तो उन्हात ठेवतो आहे. तू मातीला आलीस, आईजवळ बसलीस, मामीला कुशीत घेतलंस आणि माझ्याशी न बोलता सहाच्या गाडीनं गेलीस. मी त्याबद्दल लिहीत नाही. शेवटच्या दिवसांतलं तुला कुणी सांगितलं नसेल, ते लिहितो.

काकासाहेबांनी त्याच बैठकीत तक्ता माझ्याकडून घेऊन मामाच्या हातात दिला. हात तर त्याचे धड होते. जो पडून आहे त्याच्या अंगाचा कागद त्याच्याच हातात हवा, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. सांडूनं कठड्याला दोरीनं पेन्सिल बांधली. मामा लई कडक निघाला. सत्तावीस तारखेला दोनच्या कुशीला मला दहा मिनिटं उशीर झाला, तर त्यानं चौकट कोरी ठेवली आणि हसला. मी म्हणालो, अरे वळवलं ना आता. तो म्हणाला, दोनला नाही वळवलंस. पालथा पडूनच हसत होता.

अठ्ठावीसच्या संध्याकाळी थंडी वाजून ताप आला. त्याच घटकेला तालुक्याला नेलं. जखमेचं विष रक्तात गेलं होतं. त्यांनी जमेल ते सगळं केलं, एकतीसला शहरात हलवायचं ठरलं. तालुक्याच्या वॉर्डातही मी बारा, दोन, चारला वळवत होतो आणि ग्लानीतही प्रत्येक वेळी तो खूण करत होता. तीसला चारची खूण चौकटीबाहेर गेली आहे. एकतीसला सकाळी सव्वाआठला गेला.

गटानं मला काढलं नाही. मी सचिवपद सोडतो म्हणालो, तर काकासाहेब म्हणाले, सोडून कुठं जातोस, लिही आणि सगळ्यांसमोर वाच. मामी आता बैठकीला बसते. गादी आणि पेन्सिल बांधलेला कठडा तनुजाला पाचोडला पाठवायचं ठरलं. ती घरी परत येईल तेव्हा लागेल.

तुझी मर्जी झाली तर उत्तर दे. नाही दिलंस तरी रोजचं पान मी तुलाच लिहीन. खाली सगळं मांडलं आहे, तपासून बघ.

औषध, पट्ट्या, अंडी: रु. १,३४०
गाडीभाडं, तालुका: रु. ९००
एकूण खर्च रु. २,२४०. सगळा गटाच्या बचतीतून.
माझ्या दिव्यांग भत्त्यातून फेडले: रु. १,०००
गटाचं देणं: रु. १,२४०

मामाच्या कुशी, न देता लिहिलेल्या: ४२
२१ ते ३० ऑगस्ट, दुपारी मी दिलेल्या, त्याच्या खुणेनं: २९
मामाचं देणं: १३

राजकुमार