एकाच गाडीचे तीन अहवाल

प्रिय भोंग्या,

अक्षर ओळखलंस ना? इतक्या वर्षांत तुला हातानं लिहिलेलं हे पहिलंच पत्र. एरवी आपलं सगळं फोनवर, आणि फोनवर बोलणार तू, ऐकणार मी. शाळेत तुझा आवाज तिसऱ्या मजल्यावरून थेट मैदानात पोचायचा, म्हणून तुला हे नाव मीच ठेवलं होतं. आज तुला मधे बोलता येणार नाही. एक तर शेवटपर्यंत वाच, नाही तर फाडून टाक. फाडलंस तरी फारसा फरक पडणार नाही, पण वाचलंस तर बरं.

माझी खुशाली आधी सांगून टाकतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चालतो, जिने चढतो, शिडी मात्र डॉक्टरांनी कायमची बंद केली. तुला आठवत असेल, तू ते मोठं पांढरं फिरतं घर घ्यायला निघालास तेव्हा मी तुला बजावलं होतं की या गाडीत इंजिनाआधी छत बघ. छताच्या सांध्यातलं रबर सुटलं की पाणी आत मुरतं, आणि आतून भिंत छान दिसत असताना मागचं लाकूड कुजत असतं. त्या दिवशी मी स्वतः वर चढलो, गुडघ्यांवर रांगत चारही कडा तपासल्या, ओलावा मोजायचं यंत्र दर हातभर अंतरावर टेकवलं. छत ठणठणीत कोरडं होतं. खाली उभ्या असलेल्या वहिनींना मी वरूनच ओरडून सांगितलं, "घ्या बिनधास्त!" त्यांनी तिथल्या तिथे चेकवर सही केली. वीस वर्षं शाळेत शिकवून जमलेला फंड होता तो. तुझं दुकान तेव्हा नुकतं कुठे डोकं वर काढत होतं, तुझ्याकडून त्यात फक्त उत्साह होता.

त्याच आठवड्यात तू माझ्या ऑफिसात आलास. नोंदणीचा कर गाडीच्या किमतीवर बसणार होता आणि किंमत मूल्यमापक म्हणून मी लिहून देणार होतो. "अरे, जरा कमी लिही ना. तुझ्या एका ओळीनं कोणाचं काय वाकडं होणार आहे?" मी आधी नाही म्हणालो, हे तुलाही मान्य करावं लागेल. तू हसलास, माझ्याच खुर्चीत बसलास, माझाच चहा प्यायलास, आणि अर्ध्या तासानं मी लिहिलं, 'छताला गळती, दुरुस्ती आवश्यक.' दोनच दिवसांपूर्वी मी ज्या छतावर रांगलो होतो त्याच छताबद्दल. लिहिताना मला फार काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर थोडी मजाच वाटली.

मग आपण चौघं त्या तळ्याकाठी गेलो. माझी बायको तेव्हा हिंडती-फिरती होती. घाटाचा सगळा रस्ता वहिनींनी चालवला, आणि तू शेजारी बसून दर वळणाला "डावीकडे घे, डावीकडे" करत होतास. शेवटी त्यांनी गाडी बाजूला लावली आणि म्हणाल्या, "आता तुम्ही मागे जाऊन झोपा, नाही तर मी तुम्हाला इथेच उतरवते." तू खरंच मागे जाऊन झोपलास आणि माझी बायको हसता हसता रडायला लागली. तिचं तसं हसणं मी नंतर फार पाहिलं नाही. दीड वर्षानं ती हॉस्पिटलात होती आणि तू दुकान बंद ठेवून अकरा दिवस बाहेरच्या बाकावर बसून होतास. औषधं आणलीस, डॉक्टरांशी भांडलास, मला बळेबळे जेवायला लावलंस. ती गेली त्या दिवशी सगळे कागद तू भरलेस, कारण माझा हात चालत नव्हता. हे मी विसरलो नाही, विसरणारही नाही. तूही ते कधी बोलून दाखवलं नाहीस. न बोलताच वसूल केलंस.

गाडीचा विमा उतरवायच्या वेळी तर तू ऑफिसातही आला नाहीस. फोनवर म्हणालास, "या वेळी हात जरा सैल सोड," आणि लगेच विचारलंस, "जेवतोस ना नीट? एकटा आहेस, हयगय करू नकोस." मी गाडी बघायलाही आलो नाही. जुने फोटो जोडले, नवी तारीख घातली आणि लिहिलं, 'छत उत्तम स्थितीत, गळतीचा मागमूस नाही.' गंमत बघ, तिन्ही अहवालांत खरं वाक्य हे एवढंच. बाकी आकडा मात्र असा फुगवला, की तेवढ्यात तशा दोन गाड्या आल्या असत्या.

तिसऱ्या वेळेबद्दल आपण कधीच बोललो नाही, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं मोडलं तेव्हा मी कोणाची बाजू घेतली नाही, निदान मला तसं वाटत होतं. घर तुझ्या वडिलांचं, दुकान तुझं, दोघांचं म्हणण्यासारखं उरलं ते ही गाडी. गाडी तुझ्याकडे राहणार होती, आणि कोर्टानं तिची किंमत ठरवून निम्मी रक्कम वहिनींना द्यायला सांगितली. वहिनींच्या वकीलबाईंना बाहेरचा मूल्यमापक हवा होता. वहिनीच म्हणाल्या, "भावोजी बघणार असतील तर दुसरा कोणी नको. ते यांचे मित्र आहेत, पण कागदावर खोटं लिहायचे नाहीत." हे मला वकीलबाईंनी नंतर सांगितलं, शब्द न् शब्द. तुला मात्र ते तेव्हाच माहीत होतं आणि तू मला सांगितलं नाहीस. तू फक्त एवढं म्हणालास, "मी बुडतोय रे. तिला शाळेचं पेन्शन आहे, मला कोण आहे?"

तपासणीच्या दिवशी वहिनी आधीच येऊन थांबल्या होत्या. गाडी आतून धुऊन-पुसून लख्ख केली होती, सगळे कप्पे उघडून ठेवले होते, पडदे काढून घडी घालून ठेवले होते, म्हणजे मला खिडक्यांच्या कडा दिसाव्यात. हातात एक फाइल होती. तेल बदललं त्याच्यापासून टायर घेतले तिथपर्यंतची एकूण एक पावती, तारखेनं लावलेली. मी शिडीकडे बघितलं आणि गुडघ्याचं निमित्त केलं. त्या म्हणाल्या, "नका चढू भावोजी, छताला काही झालेलं नाही. पण मागच्या खिडकीतून जोराचा पाऊस असला की थेंब येतो. आतल्या फळीला बोटभर डाग पडलाय, तो लिहा. उगाच माझ्या फायद्यासाठी लपवायला नको." मी डाग पाहिला. खरंच बोटभर होता. मग त्यांनी त्या छोट्या शेगडीवर चहा केला, आम्ही समोरासमोर बसून प्यायलो, आणि माझी बायको शेवटचं गाडीतल्या त्याच बाकावर बसली होती त्याबद्दल त्या बोलत राहिल्या.

घरी येऊन मी लिहिलं, 'मागील संपूर्ण भिंतीत पाणी मुरलेले, सांगाडा कुजलेला, गाडी दुरुस्तीपलीकडे.' भंगाराच्या वर थोडीशी किंमत घातली. त्यांनी प्रामाणिकपणे दाखवलेल्या एका डागातून मी अख्खी भिंत कुजवली. आकडा बघून वकीलबाई उसळल्या, तर वहिनी म्हणाल्या, "त्यांना त्यातलं कळतं, आपल्याला नाही." आणि सही करून मोकळ्या झाल्या. त्यांच्या वाट्याला जे आलं त्यात टायरच्या दुकानावरची एक खोली भाड्यानं मिळाली. सकाळपासून हवेच्या पंपाचा आवाज आणि रबराचा वास. मी एकदा खालून जाताना वर पाहिलं होतं. खिडकीला त्यांनी गाडीतलेच पडदे लावले होते. मी रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या बाजूनं गेलो.

तू निदान वर्षभर तरी थांबायचं होतंस. सात आठवड्यांत गाडी विकायला काढलीस आणि जाहिरातीत लिहिलंस, 'अधिकृत मूल्यमापकाचा अहवाल उपलब्ध.' विम्याचा तो जुना अहवाल! त्यावर माझं नाव, माझा शिक्का, माझी सही. वहिनींच्या शाळेतल्या एका बाईंनी गिऱ्हाईक म्हणून फोन केला आणि तू तो अहवाल तासाभरात पाठवून दिलास. भोंग्या, तुला तेवढीही भीती वाटली नाही. मला वाटतं माझी भीती तुला कधीच वाटली नाही.

गेल्या महिन्यात वहिनी ऑफिसात आल्या. मी उठून खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. टेबलावर दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवले, कडा जुळवून, आणि विचारलं, "भावोजी, गाडी एकच आहे ना?"

मी हो म्हणालो. त्यांनी विचारलं, "मग भिंत कुजली होती का?" मी नाही म्हणालो. मला वाटलं आता त्या ओरडतील, रडतील, निदान तुझं नाव घेऊन काहीतरी बोलतील. तसं झालं असतं तर मी तुझ्यावर ढकलून मोकळा झालो असतो. वाक्य तयारच होतं माझ्या तोंडात. त्या एवढंच म्हणाल्या, "ते काय करतील हे मला लग्नानंतर दोन वर्षांत कळलं होतं. तुम्हाला ओळखायला मात्र बावीस वर्षं लागली." आणि कागद गोळा करून निघून गेल्या.

हे पत्र लिहायचं कारण आता सांगतो. परवा मी तिन्ही अहवालांच्या प्रती आणि माझं प्रतिज्ञापत्र वकीलबाईंकडे दिलं. कराच्या वेळी काय लिहिलं, विम्याच्या वेळी काय, कोर्टाला काय, आणि प्रत्येक वेळी कोणाच्या सांगण्यावरून, सगळं त्यात आहे. अकरा दिवस त्यात नाहीत, ते माझे आणि तुझे. परवाना त्याच दिवशी परत केला. पुढे चौकशी होईल, माझ्यावर खटलाही होईल, वकीलबाईंनी ते आडपडदा न ठेवता सांगितलं. वहिनी तिथेच बसल्या होत्या. त्यांनी माझं प्रतिज्ञापत्र घेतलं, चष्मा लावला आणि माझ्यासमोर एकेक ओळीखाली बोट धरून वाचलं. मग प्रत्येक पानावर माझी सही आहे की नाही ते तपासलं. एका पानावर राहिली होती. त्यांनी ते पान माझ्याकडे सरकवलं, पेन दिलं आणि मी सही करेपर्यंत माझ्या हाताकडे बघत राहिल्या. आभार मानले नाहीत, मानायचं कारणही नव्हतं. कोर्टाची नोटीस तुला सोमवारी मिळेल. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढी मैत्री माझ्यात अजून शिल्लक आहे. फोन मुद्दाम केला नाही. तू पाच मिनिटं बोलला असतास आणि मी कागद मागे घ्यायला निघालो असतो, हे तुलाही ठाऊक आहे. आता फोन केलास तरी मी उचलणार नाही. वकील चांगला कर.

दुसरं काही लिहायची सवय नाही म्हणून,
तुझाच