न काढलेल्या पित्ताशयाबाबत

दिनांक : १४ मार्च

प्रति,
मा. प्रमुख,
प्राथमिक आरोग्य केंद्र, नोर्रबाक, स्वीडन.

विषय : अर्जदाराचे पित्ताशय त्याच्या पोटातच असल्याची नोंद घेण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराचा २ फेब्रुवारीचा अर्ज (उत्तर दुसऱ्याच्या घरी गेले).

महोदया,

या देशात आरोग्यसेवा राजाला आणि रंकाला सारखीच मिळते, याबद्दल अर्जदाराच्या मनात तिळमात्र शंका नाही. अर्जदाराला तर दुसऱ्यावर झालेली शस्त्रक्रियाही मिळाली आहे.

१. अर्जदार मूळचा सोमालियाचा. चार महिन्यांपासून त्याच्या उजव्या बरगडीखाली कळा येतात. तळलेले सांबूसे सोडले, तरी कळा सोडत नाहीत.

२. याच गावात वर्सामे गुलेद फारह नावाचे दोन इसम राहतात. जन्मतारीख दोघांनाही ठाऊक नसल्याने, देशात शिरताना दोघांना १ जानेवारी देण्यात आली. अर्जदाराची आई त्याचा जन्म उंटिणी विण्याच्या दिवसांतला सांगते. पण तो महिना संगणकात नाही. एकच माणूस दोनदा नोंदला गेला असे समजून आपल्या केंद्राने दोन्ही फायली जोडल्या. दुसऱ्याचे पित्ताशय दोन वर्षांपूर्वी काढले होते. ते अर्जदाराचेही गेले.

३. डॉक्टर एकब्लाद संगणकाच्या पडद्याकडे पाहत म्हणाले, "हे बघ वर्सामे, जे नाहीच ते दुखत नाही. पाणी पी, गोळी घे." अर्जदाराने सदरा वर करून व्रण नसलेले पोट दाखवले. त्यावर फाइलमध्ये शेरा पडला : 'व्रण उत्तम भरला आहे. दिसतही नाही.'

४. आमच्यात एका नावाची माणसे टोपणनावाने ओळखतात. अर्जदार 'चकणा वर्सामे' म्हणून सुपरिचित आहे, दुसरा 'लंबू वर्सामे'. एवढे दोन शब्द फाइलवर घालावेत, असे अर्जदाराने खिडकीवरच्या बिर्गिताबाईंना सुचवले. बाई लालबुंद झाल्या. "छे छे! आम्ही इथे कोणाला त्याच्या शरीरावरून ओळखत नाही!"

५. नाइलाजाने अर्जदार लंबूला घेऊन आला. लंबूने भर खोलीत व्रण उघडा केला आणि तो म्हणाला, "बाई, कापलेला मी, कण्हतोय हा. आता तरी पटलं?" बिर्गिताबाईंनी डोळे झाकले. एका रुग्णाची माहिती दुसऱ्यासमोर उघड करणे नियमात बसत नाही, असे त्यांनी सांगितले. फाइलप्रमाणे आम्ही एकच रुग्ण आहोत, हे अर्जदाराने निदर्शनास आणले. तेव्हा त्या म्हणाल्या, "मग दोघं कशाला आलात?"

मागच्या शुक्रवारी अर्जदाराला उलट्या होऊन डोळे पिवळे झाले. पत्नी हिबो म्हणाली, "गावी असता तर एव्हाना बरे तरी झाला असता, नाहीतर मेला तरी असता. इथं मधेच लटकलात." फोनवरच्या नर्सने फाइल पाहून शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याबद्दल अभिनंदन केले.

तरी कोणीतरी एकदा पडद्याऐवजी अर्जदाराच्या पोटाकडे पाहावे, आणि ते आजच पाहावे, ही विनंती. पित्ताशय खरोखरच काढावे लागले, तर अर्जदाराची हरकत नाही; मात्र ते या वेळी अर्जदाराचेच असावे.

आपला नम्र व अद्याप पित्ताशयधारक,
वर्सामे गुलेद फारह (चकणा)

सोबत :
१. अर्जदाराच्या पोटाचे छायाचित्र, व्रणाशिवाय.
२. लंबू वर्सामे, व्रणासह. बाहेर बाकावर बसला आहे. त्याची बस पावणेएकची आहे.